‘हे खरे नाही’ : विधानसभेत आरोग्याचा प्रश्न नेमका कसा विचारावा?

भातखाचर

नमस्कार. गेल्या वर्षी आषाढात, भातलावणी ऐन रंगात आलेली असताना, माझ्या धाकट्या काकांना बांधावर घोणस चावली. चुलतभावाने त्यांना मोटारसायकलवर मधे बसवले, मागून धरायला एकाला घेतले आणि पाऊण तासात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठले. तेथे डॉक्टर हजर होते, परिचारिका होत्या, वीजही होती. सर्पविषावरील लशीच्या व्हायल, म्हणजे कुप्या, मात्र फ्रीजमध्ये तीनच होत्या. डॉक्टरांनी तिन्ही दिल्या आणि १०८ बोलावून काकांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तोपर्यंत लघवीतून रक्त जायला लागले होते. पुढे डायलिसिस झाले आणि काका वाचले. आता ते शेतात जातात, पण गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरत नाहीत.

मी आमच्या आमदारांना पत्र लिहिले आणि त्यांनी खरोखरच तारांकित प्रश्न दिला. छापील यादीतला तो कागद माझ्यासमोर आहे. प्रश्न असा : (१) तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्पदंशावरील लस उपलब्ध नसल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी करून कोणती कार्यवाही करण्यात आली? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मंत्रिमहोदयांचे उत्तर : (१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

आमच्या घरात जे घडले, ते सभागृहाच्या कागदावर घडलेच नाही असे नोंदले गेले, याचा मला फार त्रास झाला. मंत्र्यांनी खोटे सांगितले, की आमचा प्रश्नच चुकला? आरोग्याच्या बाबतीत लोकप्रतिनिधी मंत्र्यांना प्रश्न कसे विचारतात आणि त्यातून खरी माहिती कधी बाहेर येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आडवाट

काका बरे झाले हे वाचून बरे वाटले. माझे मत मात्र स्पष्ट आहे. प्रश्नोत्तराच्या तासातून रुग्णाच्या पदरात काहीही पडत नाही. तो वेळ आमदारांनी दवाखान्यात जाऊन बसण्यात घालवावा.

तळटीप

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. अशी उत्तरे तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रश्न विधिमंडळ सचिवालयाकडून विभागात येतो, विभागातून संचालनालयाकडे, तेथून उपसंचालकांकडे, मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, त्यांच्याकडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जातो. त्याच वाटेने माहिती वर चढते आणि प्रत्येक पायरीवर तिचा एक-एक तपशील गळतो. केंद्राने लिहिलेले असते, ‘आज रोजी शिल्लक १२ व्हायल’. तालुक्याकडून जाते, ‘सर्व केंद्रांत साठा उपलब्ध’. जिल्ह्याकडून जाते, ‘लस उपलब्ध नसल्याची बाब वस्तुस्थितीस धरून नाही’. आमच्या टेबलावर येईपर्यंत त्याचे ‘हे खरे नाही’ झालेले असते. या साखळीत कोणीही खोटे बोललेले नसते.

भातखाचर, आपल्या प्रश्नात तारीख नाही, केंद्राचे नाव नाही आणि संख्याही नाही. ‘उपलब्ध नसल्याचे’ या शब्दाला तीन व्हायलसुद्धा पुरून उरतात. शिवाय दुसरा आणि तिसरा भाग पहिल्यावर टांगलेला आहे. पहिल्याला नकार मिळाला की उरलेले दोन्ही आपोआप पडतात. हा साचा सर्वांच्या इतका अंगवळणी पडला आहे की विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला, दोघांनाही तो सोयीचा वाटतो.

आम्हाला घाम फुटायचा तो अगदी वेगळ्या प्रश्नांनी. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत केंद्रनिहाय, दिवसअखेर शिल्लक किती होती?’ असे विचारले की ‘खरे’ किंवा ‘खरे नाही’ म्हणायला जागाच राहत नाही. तक्ता द्यावा लागतो, आणि तक्त्यातला शून्य झाकता येत नाही.

पाडा_दवाखाना

तळटीप यांनी वर्णिलेल्या साखळीच्या तळाशी मी आहे. एका आदिवासी तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो.

अधिवेशन सुरू झाले की रात्री नऊ-साडेनऊला व्हॉट्सॲपच्या गटावर निरोप येतो : ‘एलएक्यू (विधानसभा प्रश्न) आहे, अत्यंत तातडीचे, सकाळी दहापर्यंत माहिती विहित नमुन्यात.’ नमुन्यात रकाने असतात, कारणे लिहायला जागा नसते. एकदा मी खाली शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या : ‘साठा आहे, पण एका रुग्णापुरताही नाही.’ तालुक्यातून फोन आला की रकान्याबाहेर काही लिहू नका, तक्ता बिघडतो. त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांना सगळ्या केंद्रांचे तक्ते एकत्र करून पहाटेपर्यंत पुढे पाठवायचे होते.

आता वैद्यकीय मुद्दा. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकत्रित चालते. विषबाधेची लक्षणे दिसत असतील तर सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल द्याव्या लागतात आणि गरजेप्रमाणे पुन्हा द्याव्या लागतात. म्हणजे तीन व्हायल असलेले केंद्र कागदावर ‘साठा उपलब्ध’ असते, पण प्रत्यक्षात तेथे एकाही रुग्णाचा पहिला डोस पूर्ण होत नाही. ‘किती व्हायल आहेत’ याऐवजी ‘किती रुग्णांचा पहिला डोस पूर्ण होईल इतका साठा आहे’ असे कोणी विचारले, तर मला खरे उत्तर देता येईल. आजवर तसे कोणी विचारलेले नाही.

कायदा_विद्यार्थिनी

तळटीप काका, दिशाभूल करणारे उत्तर दिले म्हणून मंत्र्यांवर हक्कभंगाची सूचना देता येत नाही का? राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४(२) प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. त्या जबाबदारीचा रोजच्या व्यवहारातला अर्थ हाच असायला हवा.

तळटीप

देता येते, परंतु मंत्र्यांनी जाणूनबुजून चुकीचे सांगितले हे दाखवावे लागते. ज्या दिवशी माहिती गोळा झाली त्या दिवशी १२ व्हायल होत्या, हे कागदाने सिद्ध होते. मग दिशाभूल कोणाची आणि कोणी केली? म्हणून मी नव्या आमदारांना सांगत असे की हक्कभंगाच्या मागे धावण्यापेक्षा उपप्रश्न नीट तयार करा.

तारांकित प्रश्नाचे खरे मोल त्या तारकेत आहे. उत्तर लेखी मिळाल्यावर मंत्र्यांना उभे करून उपप्रश्न विचारण्याचा हक्क तिच्यामुळे मिळतो. अतारांकित प्रश्नाला तो हक्क नाही. मंत्री बोलत असताना अधिकारी दीर्घेतून चिठ्ठ्या जात असतात. ज्या उपप्रश्नाची चिठ्ठी तयार नसते, त्यालाच मंत्री ‘तपासून घेतो’ असे म्हणतात, आणि तेव्हा अध्यक्षांकडे एकच मागणी करायची असते : प्रश्न राखून ठेवावा. राखून ठेवलेला प्रश्न पुन्हा यादीवर येतो आणि विभागाला पुन्हा तयारी करावी लागते. विषय मोठा असेल तर उत्तरातून उद्भवलेल्या मुद्द्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी नियम १०५ ची लक्षवेधी सूचना आहेच.

दीर्घा

मी पत्रकार दीर्घेत बरीच अधिवेशने काढली आहेत. शब्दांच्या या खेळाचे सर्वांत मोठे उदाहरण विधानसभेतले नाही, संसदेतले आहे, आणि त्याचा आपल्या राज्याशी थेट संबंध आहे.

२० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत प्रश्न होता की कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी मोठ्या संख्येने रुग्ण दगावले काय. केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या लेखी उत्तराचा आशय असा होता : आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यूंची माहिती राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश केंद्राला कळवतात, आणि ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे झालेला मृत्यू म्हणून त्यांनी विशेषत्वाने काहीही कळवलेले नाही. बातम्यांत त्याचे ‘ऑक्सिजनअभावी एकही मृत्यू नाही’ असे झाले आणि देशभर संताप उसळला. डॉ. पवार या दिंडोरीच्या, म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या खासदार होत्या. त्याच नाशिकमध्ये तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा विस्कळीत झाला होता आणि त्या दिवशी २२ रुग्णांचे प्राण गेले होते.

उत्तर नीट वाचले तर केंद्राने मृत्यू नाकारलेले नाहीत. कोणी कळवले नाही, एवढेच म्हटले आहे. मृत्यूची नोंद करताना ‘ऑक्सिजन न मिळाल्यामुळे’ असा स्वतंत्र रकानाच नसेल, तर राज्य तरी काय कळवणार? विचारायला हवा होता तो पुढचा प्रश्न : असा रकाना केंद्राने राज्यांना दिला होता का आणि माहिती कोणत्या तारखेला मागवली? पाडा_दवाखाना यांचा रकान्याबाहेरच्या दोन ओळींचा अनुभव वाचताना मला तेच आठवले.

गोदाकाठ

मी नाशिकचा. त्या दिवशी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर उभे असलेल्यांपैकी एक जण आमच्या गल्लीतला आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ चर्चेचा नाही. तरीही दीर्घा यांच्याशी थोडा असहमत आहे. नाशिकची घटना ही गळतीची दुर्घटना होती. तिला सरसकट ‘तुटवडा’ म्हटले, तर टाकीची देखभाल कोणाकडे होती, गळती झाल्यावर वॉर्डात पर्यायी सिलिंडर किती वेळात पोचले, हे प्रश्न मागे पडतात आणि सगळी चर्चा केंद्राने किती टँकर दिले या वादात वाहून जाते. तेव्हा झालेही तसेच. केंद्रावर टीका करणारे आणि राज्यावर टीका करणारे, दोघेही मोठ्या आवाजात बोलले. झडपेबद्दल आणि देखभालीबद्दल बोलणारे फार थोडे होते.

दीर्घा

गोदाकाठ, आपला मुद्दा मान्य आहे आणि माझ्या मांडणीत तो सुटला होता. ‘ऑक्सिजनअभावी’ या एका शब्दात गळती, अपुरा दाब, उशिरा आलेला टँकर आणि खाटच न मिळाल्याने घरी झालेला मृत्यू असे चार वेगळे प्रसंग कोंबले गेले. ते वेगळे काढून विचारले असते, तर चार वेगळी उत्तरे द्यावी लागली असती.

एक गोष्ट जोडतो. सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात संसदेत प्रश्नोत्तराचा तासच घेतला गेला नाही. केवळ अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली. महाराष्ट्रातही २०२० आणि २०२१ ची पावसाळी अधिवेशने दोन-दोन दिवसांत आटोपली. आरोग्यमंत्र्यांना समोरासमोर प्रश्न विचारण्याची सर्वाधिक निकड होती, त्याच काळात ती संधी सर्वांत कमी मिळाली. मात्र आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने नोव्हेंबर २०२० मध्ये कोविडवरचा अहवाल दिला होता आणि त्यात रुग्णालयांच्या मागणीप्रमाणे पुरवठा होईल इतक्या ऑक्सिजन उत्पादनाकडे लक्ष वेधले होते. म्हणजे दुसऱ्या लाटेच्या आधी कोणीतरी नेमके विचारले होते. ते समितीच्या खोलीत विचारले गेले, म्हणून लोकांपर्यंत पोचले नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात पहाटेच्या वेळी रुग्ण दगावत होते. ११ मे रोजी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी स्वतःच २६ मृत्यूंची माहिती दिली आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. विधानसभेची बैठक नव्हती, त्यामुळे सरकारला रोजच्या रोज प्रश्न विचारण्याचे काम त्या दिवसांत उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने केले. ट्रॉलीवरून येणारे सिलिंडर बदलताना दाब कसा पडतो, हे सामान्य माणसाला त्या सुनावण्यांच्या बातम्यांतून कळले.

आमचे सभागृह ४० जणांचे आहे आणि राज्यात इतके मोठे सरकारी रुग्णालय एकच आहे, त्यामुळे मंत्र्याला ‘जिल्ह्याकडून माहिती मागवली आहे’ असे सांगून वेळ काढता येत नाही. महाराष्ट्रात २८८ आमदारांमध्ये एका तालुक्याच्या लशीचा प्रश्न तोंडी चर्चेला येणे हेच कठीण असावे.

आमदारनिवास

मांडवीकाठ यांचे म्हणणे खरे आहे. मी एका आमदारांचा स्वीय सहायक आहे, पक्ष आणि नाव सांगणार नाही. यादीतले पहिले काही प्रश्नच तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात. प्रश्न द्यायची मुदत अधिवेशनाच्या कितीतरी आधी संपते, म्हणून प्रश्न बहुधा वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून घाईने लिहिले जातात. एकाच विषयावर अनेकांनी सूचना दिल्या तर त्या एकत्र करून सर्वांची नावे एका प्रश्नाखाली छापली जातात. एकत्र करताना ज्याने तारखा, आकडे देऊन काळजीपूर्वक लिहिले असेल, त्याचे तपशील कधीकधी मोघम भाषेत मिसळून जातात.

आमच्याकडे येणाऱ्या निवेदनांबद्दलही सांगतो. शंभरातल्या नव्वद निवेदनांत ‘आरोग्य केंद्राची दुरवस्था झाली आहे, तरी आपण लक्ष घालावे’ एवढेच असते. त्यावरून मी प्रश्न काय लिहिणार? ज्या कोणी नोंदवहीचे छायाचित्र किंवा माहिती अधिकारातले उत्तर जोडले, त्यांचे प्रश्न मी वेगळ्या फाईलला लावतो. आमचे साहेबही अशाच प्रश्नावर सभागृहात ठामपणे उभे राहतात, कारण हातात कागद असला की मंत्री आवाज चढवत नाहीत.

आडवाट

आमदारनिवास यांनी जे लिहिले त्यामुळे माझे पहिले मत थोडे बदलले आहे. तरी एक शंका राहते. प्रश्न ज्या मंत्र्याला विचारायचा तो तरी नेमका कोण, हे लोकांना कळते का?

भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या आगीत नवजात बालकांच्या कक्षातली १० बाळे गेली. ते जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभाग. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्याच्या कळवा येथील रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले. ते महापालिकेचे, म्हणजे नगरविकास विभाग. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून २४ तासांतल्या २४ मृत्यूंची बातमी आली आणि त्यांत १२ नवजात होती. ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. औषध भेसळीचे निघाले तर अन्न व औषध प्रशासन. गावातून नेलेले मूल एका रात्रीत यांपैकी तीन विभागांच्या दारातून जाते, आणि सभागृहात मात्र प्रत्येक मंत्री आपापल्या दारापुरते उत्तर देतो.

नांदेडच्या वेळी एका खासदारांनी रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले, हे सर्वांनी पाहिले. मी वर ‘आमदारांनी दवाखान्यात जाऊन बसावे’ असे लिहिले होते. ते मला अशा प्रकारासाठी म्हणायचे नव्हते. डॉक्टरला अपमानित केल्याने औषधांची खरेदी कोणत्या टप्प्यावर अडली, हे कोणालाही कळले नाही.

तळटीप

आडवाट यांनी फार महत्त्वाची जागा दाखवली. औषध खरेदीचेच पाहा. पूर्वी ती हाफकिन या सरकारी महामंडळामार्फत होत असे. २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. एवढे झाले तरी केंद्रात लस का नाही, याचे उत्तर मागणीपत्र उशिरा गेले, निधी उशिरा मिळाला, पुरवठादाराने उशीर केला की जिल्ह्याच्या भांडारात पडून राहिले, यांपैकी कशातही असू शकते. म्हणून प्रश्नात या चारही टप्प्यांच्या तारखा मागाव्यात. चार तारखा शेजारी-शेजारी छापल्या की उशीर कोठे झाला ते शाळकरी मुलालाही दिसते.

जुनी_फाईल

वयाने या धाग्यावर मी बहुधा सर्वांत थोरला असेन, म्हणून एक जुनी आठवण. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्या काळी मी रोज सकाळी त्या सुनावण्यांचे वृत्तांत वाचत असे. ग्लिसरीन कोणी मागवले, कोणाच्या सहीने घेतले, कोणी तपासले, पुरवठादाराला परवाना कोणी दिला, अशा क्रमाने आयोग रुग्णालयाच्या भांडारापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तेथून मंत्र्यांपर्यंत चढत गेला. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

सभागृहातला प्रश्न आणि आयोगाची उलटतपासणी यांत फरक आहेच, कारण आयोगाला दिवसच्या दिवस मिळतात आणि आमदाराला दोन मिनिटे. परंतु क्रम तोच ठेवता येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुले खोकल्याच्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन नागपुरात दाखल झाली आणि पुन्हा त्याच द्रव्याचे नाव कानावर आले, तेव्हा मी घरात कितीतरी वेळ कोणाशी बोललो नाही.

टेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहतो आणि येथील आरोग्य सेवेत काम करतो. जुनी_फाईल यांनी म्हटलेला वेळेचा प्रश्न येथे समित्यांनी काही अंशी सोडवला आहे. बुधवारी दुपारी पंतप्रधानांना विचारले जाणारे प्रश्न जगभर पाहिले जातात, पण त्यातून माहिती फारशी मिळत नाही. माहिती मिळते ती निवड समितीत, म्हणजे एकेका खात्याच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या खासदारांच्या समितीत. १० जून २०२१ रोजी तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक आरोग्य आणि विज्ञान या दोन समित्यांच्या एकत्रित बैठकीसमोर चार तासांहून अधिक वेळ बसले. समोर अध्यक्षांच्या जागी जेरेमी हंट होते, म्हणजे त्यांच्याच पक्षाचे आणि स्वतः पूर्वी आरोग्यमंत्री राहिलेले. चाचण्या, वृद्धाश्रमांत पाठवलेले रुग्ण, संरक्षक पोशाख, एकेका विषयावर तोच सदस्य पाच-सहा वेळा परत विचारत होता, आणि प्रत्येक शब्द छापून प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर २०२१ च्या संयुक्त अहवालात त्या साक्षींचा आधार घेतलेला आहे.

आपल्याकडे विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत, पण तेथे प्रथेप्रमाणे सचिव आणि अधिकारी साक्ष देतात, आणि तीही बंद दाराआड. मंत्र्यांना तेथे बसवण्याची प्रथा पडावी असे मला मनापासून वाटते.

कायदा_विद्यार्थिनी

आश्वासन समितीचा उल्लेख कोणीच केला नाही. ‘चौकशी करू’, ‘तपासून कार्यवाही करू’ असे मंत्री सभागृहात म्हणाले की ते आश्वासन ठरते आणि समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. भातखाचर, तुमच्या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ मिळाले, म्हणून त्यातून आश्वासनही निघाले नाही.

भातखाचर

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात मी केंद्राच्या साठा नोंदवहीच्या प्रतींसाठी माहिती अधिकारात अर्ज केला होता. आज त्या मिळाल्या. काकांना नेले त्या दिवसाच्या ओळीत ‘आरंभीची शिल्लक ३, वापर ३, अखेरची शिल्लक ०’ असे निळ्या शाईत लिहिले आहे, आणि पुढचे सहा दिवस शून्यच आहे. सातव्या दिवशी २० व्हायल आल्या. म्हणजे त्या सहा दिवसांत कोणाला काही चावले असते, तर तीनसुद्धा मिळाल्या नसत्या.

आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे नवा मसुदा केला आहे, कृपया तपासावा :

(१) दिनांक १ जून ते ३० सप्टेंबर या कालावधीत जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषरोधक लशीच्या दिवसअखेर किती व्हायल उपलब्ध होत्या? (२) एका रुग्णाच्या पहिल्या डोसासाठी आवश्यक असलेल्या १० व्हायलपेक्षा कमी शिल्लक किती केंद्रांत, किती दिवस होती? (३) याच कालावधीसाठी मागणीपत्र, निधी वितरण, पुरवठा आदेश आणि केंद्रास प्रत्यक्ष पुरवठा, यांच्या केंद्रनिहाय तारखा कोणत्या? (४) या काळात सर्पदंशाचे किती रुग्ण लस अपुरी असल्यामुळे पुढे पाठवण्यात आले?

तळटीप

मसुदा उत्तम आहे. दोनच दुरुस्त्या सुचवतो. पहिल्या भागातला ‘उपलब्ध’ काढून ‘शिल्लक’ लिहा. ‘उपलब्ध’ म्हटले की ‘नजीकच्या केंद्रातून उपलब्ध करून देण्यात येते’ असे उत्तर येऊ शकते. चौथ्या भागात ‘लस अपुरी असल्यामुळे’ म्हणू नका, कारण ते कारण कोणी नोंदवलेले नसते आणि उत्तर ‘निरंक’ येईल. ‘लस देऊन किंवा न देता पुढे पाठवलेल्या रुग्णांची तारीखवार संख्या’ मागा. ती शिल्लकेच्या तक्त्याशेजारी ठेवली की कारण आपोआप वाचता येते.

गोदाकाठ

दुसऱ्या दुरुस्तीला माझे पूर्ण अनुमोदन. २०२१ ला असेच विचारायला हवे होते.

आमदारनिवास

भातखाचर, दुरुस्त मसुदा आणि नोंदवहीच्या प्रती आपल्या आमदारांच्या कार्यालयात प्रत्यक्ष नेऊन द्या, पोच घ्या, आणि उपप्रश्नांसाठी एक वेगळा कागद जोडा. आमच्या साहेबांच्या नावानेही याच विषयाची सूचना देण्याबद्दल मी आज बोललो, ते तयार आहेत. दोन वेगळ्या पक्षांची नावे एका प्रश्नाखाली आली तर विभाग तो अधिक गांभीर्याने घेतो. मुदतीला अजून नऊ दिवस आहेत. प्रश्नाचा क्रमांक मिळाला की येथेच कळवतो.

पाडा_दवाखाना

भातखाचर यांनी जिल्ह्याचे नाव लिहिलेले नाही, पण वर्णनावरून आपला जिल्हा एकच आहे असे वाटते. तसे असेल तर या प्रश्नाचा तक्ता एके रात्री माझ्याकडेही भरायला येईल. आमच्या केंद्राची जून ते सप्टेंबरची पाने मी आज दुपारीच फ्रीजशेजारच्या टेबलावर ठेवून स्कॅन केली. त्यांत अकरा दिवस शिल्लक शून्य आहे. तक्त्यात मी ते अकरा शून्य जसेच्या तसे भरून पाठवीन.